लामाईची गोळी

"कुट्ठं?"

"नत्थि भन्ते."

"गण्डो?"

"नत्थि भन्ते."

"अरे, जरा दमानं! भन्ते विचारतात तेव्हा असं तोंडावर फेकायचं नसतं उत्तर," लामाई म्हणाली आणि काहिलीतली नीरा ढवळू लागली. तिला धड वाचता येत नव्हतं, पण विहारात बसून बसून हे सगळे पाली प्रश्न तोंडपाठ झाले होते. "पुढे. किलासो?"

"नत्थि भन्ते. आई, फेस वर येतोय."

"येऊ दे. सोसो?"

"नत्थि भन्ते."

"अपमारो?"

"नत्थि भन्ते. झालं! आता मनुस्सोसि विचार."

"मनुस्सोसि?"

"नत्थि भन्ते," खेम म्हणाला आणि स्वतःच खो खो हसत सुटला.

"मेल्या, माणूस आहेस का असं विचारतात ते! तिथे 'आम भन्ते' म्हणायचं. नाही म्हणालास तर हाकलून देतील."

"खरंच आहे ना पण? दिवसभर माडावर असतो, माकडच मी."

"पाळलेली माकडं नारळ तोडतात रे, नीरा नाही काढत," मी रांजणातून डोकं बाहेर काढून म्हटलं. "तेवढं जमलं असतं, तर तुझ्या आईनं तुझ्याऐवजी एक माकडच पाळलं असतं."

"तिपमावशी, तुम्ही अळ्या शोधा."

अळ्या शोधणं हे माझं कामच आहे. आमच्या कालव्यावरच्या घरांसाठी मी आरोग्याची स्वयंसेविका. लोकांच्या रांजणांत बॅटरी मारून डासांच्या अळ्या बघायच्या, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा, कोण गोळ्या घेतो, कोण चुकवतो त्यावर नजर ठेवायची. लोक मला तोंडावर मावशी म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. त्याचं मला काही नाही. चुकवणाऱ्यांच्या घरी मी जेवणाच्या वेळेला मुद्दाम जाते.

लामाईच्या घरी त्यासाठी कधी जावं लागलं नाही. तिच्याइतकी नेमानं गोळी घेणारी बाई आमच्या सबंध जिल्ह्यात नसेल. लहानपणापासून तिला फेफऱ्याचे झटके यायचे. शाळेत बाकावरून पडायची, म्हणून शाळा सुटली. पोरी जवळ बसत नसत, लाळ लागली तर आपल्यालाही होईल म्हणायच्या. मोठी झाल्यावर एकदा चुलाणापाशी झटका आला आणि डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा तालुक्याच्या इस्पितळात तिला त्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या, कार्बामाझेपीन नावाच्या. त्यानंतर एकही झटका नाही. लग्न झालं, पोर झालं, नवरा पळाला, सगळं झालं, पण झटका म्हणून आला नाही. गोळ्यांचा डबा तिनं घरातल्या बुद्धमूर्तीशेजारच्या फळीवर ठेवला होता. रोज संध्याकाळी गोळी तळहातावर घ्यायची, दोन्ही हात जोडून कपाळाला लावायचे आणि मग गिळायची. मी पुष्कळदा हसले तिला. ती म्हणायची, "ताई, बुद्धानं मला सहन करायला शिकवलं. पण पडायचं थांबवलं ते हिनं."

खेम तिचा एकुलता एक. आमच्या बोलीत खेम म्हणजे खारट. गुळाच्या घरात जन्मलेल्या पोराला खारट नाव ठेवलं की भुताखेतांची नजर लागत नाही, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. वीस वर्षांचा झाला होता. पहाटे आणि दुपारी बांबूच्या शिडीवरून माडावर चढायचा, पोय, म्हणजे फुलोऱ्याचा दांडा, छाटून खाली नळी बांधायचा, भरलेल्या नळ्या कावडीला लावून आणायचा. लामाई ते आटवून गूळ करायची. आता पावसाळ्याचे तीन महिने तो भिक्षू होणार होता. आमच्याकडे वयात आलेला लेक एक तरी वर्षावास भिक्षूचं चीवर घालतो. ते पुण्य आईचं. बाईला स्वतःला चीवर मिळत नाही, म्हणून ती लेकाच्या चिवराचं टोक धरून स्वर्गाला जाते. लामाईला त्याची किती आस होती हे मी सांगून कळायचं नाही. आपल्याला हा आजार मिळाला तो मागल्या जन्मीच्या कुठल्यातरी पापामुळे, अशी तिची खात्री होती. लेकाच्या चिवरानं ते फिटणार होतं.

आणि भिक्षू होताना संघासमोर ते प्रश्न विचारतात. कुष्ठ आहे का, गळवं आहेत का, खरूज आहे का, क्षय आहे का, अपस्मार आहे का. प्रत्येकाला 'नाही भन्ते' म्हणायचं. एकालाही 'आहे' म्हणालं की संघ घेत नाही. खोटं बोललं तर त्या चिवराला अर्थ नाही.

त्या सकाळी खेम हसत हसत नळ्या आणायला बागेत गेला. बराच वेळ झाला तरी आला नाही. लामाई म्हणाली, "बघा बरं ताई, कुणाशी तरी गप्पा मारत असेल." मी गेले. तो दोन वाफ्यांमधल्या चरात पालथा पडला होता. वीतभर पाणी. हातपाय ताठ होऊन उडत होते आणि पाण्यात बुडबुडे येत होते. मी ओरडले. मला वाटलं विजेचा धक्का बसला की साप चावला. लामाई धावत आली, चरात उतरली, त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला चिखल बोटानं काढला आणि त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. नीरा करपल्याचा वास आला तेव्हा मीच धावत जाऊन चुलाणातली लाकडं ओढली.

परत आले तेव्हा खेम डोळे उघडून आईकडे बघत होता, ओळख न पटल्यासारखा.

"ताई," लामाई म्हणाली, "माझंच आलंय हो त्याच्यात."

*

तालुक्याच्या इस्पितळात तेव्हा रुंग नावाची नवी डॉक्टरीण होती. अंगापिंडानं चिमणी, पण बोलायला नीट. तिनं खेमला तपासलं, एक गोळी लिहून दिली आणि म्हणाली, माडावर चढायचं नाही, एकट्यानं होडी चालवायची नाही.

"माझीच गोळी द्या ना त्याला," लामाई म्हणाली. "तुम्ही शाळेतही जात नसाल तेव्हापासून घेतेय मी. नाव ठेवायला जागा नाही."

"तीच द्यायचा विचार आहे मावशी. पण आधी रक्त तपासायचं. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांच्या रक्तात जन्मापासून एक खूण असते. ती असली की ही गोळी चालत नाही. अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटते. माणूस जातो त्यात. रक्त शहरात पाठवावं लागतं, दोन-तीन आठवडे लागतील. तोवर ही दुसरी."

"माझं नाही कुणी तपासलं."

"तुमच्या वेळी ही तपासणीच नव्हती. तुम्हाला चालली हे तुमचं नशीब."

"मग त्याला का नाही चालणार? माझ्या पोटचा आहे."

"अर्धा तुमचा मावशी, अर्धा वडिलांचा. वडील कुठे असतात?"

"समुद्रात," लामाई म्हणाली.

डॉक्टरणीचा चेहरा पडला. मी म्हटलं, "मेला नाहीय हो तो. मासेमारीच्या बोटीवर असतो दक्षिणेला. तिकडे दुसरी बायको आहे."

रुंगडॉक्टरनं लामाईचा हात धरला आणि अगदी समजावून सांगितलं, "तुमच्या गोळ्यांतली एकही त्याला द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही. माझ्याकडे बघून हो म्हणा."

लामाई हो म्हणाली.

होडीतून परत येताना खेम पुढे झोपला होता. लामाई पाण्याकडे बघत बसली होती. मध्येच म्हणाली, "त्या माणसानं पोराला आजवर एक सदरा घेतला नाही. आजारपणात कधी उशाशी बसला नाही. आणि ही म्हणते अर्धं त्याचं."

"अगं, ते तसं नसतं. त्याचं नाक बघ की. अगदी बापाचं."

"नाकाचं राहू द्या. तो सगळाच्या सगळा माझा आहे, ताई."

मी नाकाचं बोलले ते तिला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ती विहारातल्या थोरल्या भन्तेंकडे गेली. सोबतीला मला नेलं. म्हाताऱ्या भन्तेंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं. "उपासिके, हा नियम माझा नाही," ते म्हणाले. "अपस्मार असलेल्याला संघ घेत नाही. पण औषधानं झटके थांबले, तर त्याला तो आता नाही असं मी मानीन. मग तो नाही म्हणाला तरी खोटं होणार नाही. नाही थांबले तर पुढल्या वर्षी बघू."

"पुढल्या वर्षी थांबतील कशावरून, भन्ते?"



*

डॉक्टरणीची दुसरी गोळी खेमला मानवली नाही. दिवसभर पेंगायचा, भाताचा घास हातातच राहायचा. आणि झटके येतच होते. एकदा तर विहाराच्या पायऱ्यांवर आला, भर सणाच्या दिवशी, सगळ्या कालव्यासमोर. बायकांनी पोरं मागे ओढली. मी तिथल्या तिथे दोघींना झापलं, पण बोलून काय होतं? लामाईला तिची शाळा आठवली असणार. तिकडे माडांच्या पोयी वाळत चालल्या होत्या. पोय रोजच्या रोज छाटली नाही तर नीरा आटते, मग नवी पोय येईपर्यंत तो माड नुसता उभा. चुलाण थंड पडलं होतं. खेम माडांखाली जाऊन वर बघत बसायचा.

"मावशी," एकदा मला म्हणाला, "मला नीरेचं काही वाटत नाही. आईनं चिवराचं कापड घेऊन ठेवलंय. रोज काढून बघते आणि परत घडी घालते. ते बघवत नाही हो मला."

पुढे मी आठवडाभर माझ्या लेकीकडे गेले होते. परत आले त्या सकाळी होडी वळणावर येते तो काय, खेम माडाच्या शेंड्यावर! कोयता चालवत होता आणि वर गाणं.

"उतर खाली! उतर आधी! डॉक्टरणीनं काय सांगितलंय?"

"मावशी, बंद झाले झटके! आठवड्यात एक नाही. झोपसुद्धा येत नाही. बघा!" असं म्हणून त्यानं एक हात सोडून मला दाखवला. खाली लामाई उभी होती. तिच्या तोंडावर असं हसू मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

"लागू पडली गं गोळी," मी म्हटलं.

"पडली, ताई," ती म्हणाली.

गोळी लागू पडली होती ते खरंच. फक्त ती डॉक्टरणीची नव्हती. लामाईला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायच्या, त्यातलीच ती त्याला देत होती. हे तिनं मला नंतर सांगितलं. बुद्धासमोर त्याला बसवायची, स्वतः हात जोडायची, त्याला जोडायला लावायची आणि आपल्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवायची. खेमनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, "आई, डॉक्टरीण नको म्हणाली ना?" ती म्हणाली, "माझ्या दुधानं तुला कधी बाधलं का?" त्यानं तोंड उघडलं.

चीवर घालायला तीन दिवस उरले असताना मला रुंगडॉक्टरचा फोन आला. खेमच्या रक्तात ती खूण सापडली होती. ती गोळी त्याला जन्मात द्यायची नाही, तसं कार्ड लिहून देते, ते त्याच्या ओळखपत्राबरोबर ठेवायचं, म्हणाली. मी तशीच लामाईकडे गेले. ती पाहुण्यांसाठी नारळ खवत होती.

"वाचलीस बाई," मी म्हटलं. "वाट बघितली ते बरं झालं. पोराच्या रक्तात निघाली ती खूण. तुझी गोळी त्याला विष आहे."

लामाईचा हात थांबला. मग परत खवू लागली. खवता खवताच म्हणाली, "ताई, समजा त्या खुणेच्या माणसानं ती घेतली. आणि दहा-बारा दिवस काही झालं नाही. म्हणजे मग चालते ना त्याला?"

"कुणी घेतली?"

"कुणी नाही. विचारते आपली."

"असलं विचारू नकोस. माझ्या अंगावर काटा येतो."

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं कालव्यावरचे लोक आता म्हणतात. म्हणोत. त्या घरात त्या दिवशी नारळाचा ढीग होता, मांडवाचे बांबू येत होते आणि खेम डोक्यावर टोपलं घेऊन नाचत होता. अशा घरात कुणाला काय कळतं! लामाईला मात्र ते तीन दिवस कळत होतं. गोळी बंद करावी तर झटका परत यायचा, तोही नेमका भन्तेंसमोर. भाजायचं असतं तर एव्हाना भाजलं असतं, असं तिनं मनाशी धरलं. तीनच दिवस, मग बंद. असं ठरवून तिनं ते तीन दिवस गोळी दिली.

*

मुंडनाच्या सकाळी आईनं पहिली बट कापायची असते. लामाईनं कात्री घेतली. बट कापून कमळाच्या पानात ठेवताना तिनं खेमच्या मानेला हात लावला आणि मागे घेतला.

"अंग गरम आहे रे तुझं."

"उन्हात उभा आहे ना."

"आणि हे मानेवर लाल काय?"

"घामोळं," खेम म्हणाला. न्हाव्यानं डोकं भादरलं, भिवया उतरवल्या. भिवयांशिवाय त्याचे डोळे फारच लाल दिसत होते. लोक म्हणाले, पोरगं रात्रभर रडलं, आईपासून लांब जायचं ना. त्याचा घसाही बसला होता. लामाई मला म्हणाली, "पाठ करून करून बसला." मी हो म्हटलं.

विहाराला तीन प्रदक्षिणा झाल्या. ढोल वाजत होते, पोरं नाचत होती. बाप असता तर त्यानं भिक्षापात्र धरलं असतं. ते खेमच्या मामानं धरलं. चीवर लामाईच्या हातांवर होतं. सभागृहात तिनं ते लेकाच्या हातात दिलं. मग दोन भन्ते त्याला दाराशी घेऊन गेले आणि विचारू लागले. आम्ही जवळच बसलो होतो. लामाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"कुट्ठं?" "नत्थि भन्ते." "गण्डो?" "नत्थि भन्ते." "किलासो?" "नत्थि भन्ते." "सोसो?" "नत्थि भन्ते."

"अपमारो?"

"नत्थि भन्ते," खेम म्हणाला. आवाज घोगरा होता, पण सगळ्यांना ऐकू आला. दमानं म्हणाला, आईनं शिकवलं होतं तसं. मनुस्सोसिलाही नीट 'आम भन्ते' म्हणाला.

चीवर घालून बाहेर आला तेव्हा लामाईनं त्याला जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. आता तो लेक नव्हता, भन्ते होता. भिक्षूला बाईचा स्पर्श चालत नाही, म्हणून तिनं त्याला हात लावायचा नव्हता आणि त्यानं तिला. तिला त्याचं काही वाटलं नाही. तो दिवस तिचा होता. इतकी सुखी बाई मी त्याआधी पाहिली नाही, हे मी कुठेही सांगेन.

दुसऱ्या सकाळी भिक्षेची होडी आमच्या घाटाला लागली. लामाई भाताचं पातेलं घेऊन कधीची बसली होती. खेम होडीत बसूनच पात्र पुढे करत होता. तिनं मान खाली घालून भात वाढला, वर मासा ठेवला. मी शेजारी होते, माझी मान काही खाली नव्हती. त्याचे ओठ सुजून फुटले होते. गळ्याजवळ चिवराच्या काठाखाली फोड आले होते, पाण्यानं भरलेले. भिक्षेच्या वेळी भिक्षू बोलत नाही. त्यानं नुसतं आईकडे बघितलं आणि होडी पुढे गेली.

"लामाई," मी म्हटलं, "त्यानं काय खाल्लंय? खरं सांग मला."

तिनं पातेलं खाली ठेवलं. मग सांगितलं. मी तिला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलताच मी होडी सोडली होती आणि तीही न सांगता येऊन बसली होती. विहारात पोचलो तोवर त्याला पाणी गिळता येत नव्हतं.

त्याला तालुक्याला नेलं. रुंगडॉक्टरनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. ती लामाईला एका शब्दानं उणं बोलली नाही. तासाभरात मोठ्या इस्पितळाची गाडी मागवली आणि स्वतः त्याच्याबरोबर गेली.

*

तिथे त्याला भाजलेल्यांच्या खोलीत ठेवलं. अंगाला कापड लागलं तरी कातडी निघून यायची. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. चीवर अंगावर घालता येईना, म्हणून ते घडी करून खाटेच्या कठड्यावर ठेवलं होतं. लामाई गाउन आणि तोंडाला फडकं बांधून खाटेशेजारी बसायची.

थोरले भन्ते आले होते. ते खेमच्या कानाशी वाकून म्हणाले, "बाळ, चीवर सोडलंस तरी चालेल. दोष नाही. आई तुला हात लावू शकेल." खेमला बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली. डावीकडून उजवीकडे, हळू. नको.

ते चीवर त्यानं आईसाठी घातलं होतं, ते तो कसं सोडणार? आणि सोडलं असतं तरी लामाईनं हात लावला असता कुठे? हात लावायला जागाच राहिली नव्हती. तिनं कठड्यावरच्या चिवराचं टोक दोन बोटांत धरलं. दिवसभर धरून बसली. नर्स जेवायला जा म्हणाली तरी उठली नाही.

"ताई," मला म्हणाली, "मी धरलंय ना नीट?"

"धरलंयस गं," मी म्हटलं.

तो भिक्षू म्हणूनच गेला. दहनाला सगळा कालवा आला, पायऱ्यांवर पोरं मागे ओढणाऱ्या त्या दोघीसुद्धा. मोठा पुण्यवान म्हणाल्या. मी तिथून उठून गेले.

बाप आला नाही. त्याला कळवलं होतं. बाप जाताना पोरासाठी काही ठेवून गेला नाही, असं आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो.

लामाईनं स्वतःच्या गोळ्या बंद केल्या. मला पत्ता लागू दिला नाही. पंधरा दिवसांनी मी गेले तेव्हा ती चुलाणाशेजारी पडली होती, ताठ, तोंडाला फेस. काहील रिकामी होती म्हणून वाचली. मी तिला कुशीवर वळवलं आणि तिनं लेकाचं डोकं धरलं होतं तसं तिचं धरून बसले. शुद्धीवर आल्यावर तिला रुंगडॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, ही गोळी तुम्हाला सोडता येणार नाही. दुसरी देऊन बघता येईल, पण तुमचं इतक्या वर्षांचं बसलेलं आहे, मी विस्कटणार नाही. तुमच्या रक्तात ती खूण नाही. मी मुद्दाम तपासून घेतलं."

"माझ्यात नाही," लामाई म्हणाली.

"नाही."

"म्हणजे मी किती वर्षं खाल्ली तरी मला काही होणार नाही."

डॉक्टरीण रडायला लागली. लामाईच तिला म्हणाली, "तुम्ही नका रडू, बाई. तुम्ही सांगितलं होतं."

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाते. आता माडांवर कुणी चढत नाही. काहील पालथी घालून ठेवलीय, तिच्या बुडावर कोंबड्या बसतात. रांजण मात्र भरलेले असतात, त्यांत मी बॅटरी मारते. मग ती फळीवरचा डबा उतरवते. तळहातावर गोळी घेते. आता हात जोडत नाही. बराच वेळ नुसती बघत राहते, आणि मी घाई करत नाही, एरवी माझ्या तोंडाला कुलूप नाही तरी. मग ती गोळी जिभेवर ठेवते, पाणी पिते आणि तोंड उघडून मला दाखवते, गिळली म्हणून.

गोळी तिला छान लागू पडते. त्यानंतर तिला एकही झटका आलेला नाही.